चेतनाच्या उष्टावणाचं ताट

...आणि पोरीनं ताटातलं काहीच उचललं नाही, इथवर काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो, मग पुढं जाऊ.

उष्टावण म्हणजे बाळाला पहिल्यांदा खीर चाटवायची. मुलगी असली तर पाचव्या नाहीतर सातव्या महिन्यात, मामानं, सोन्याच्या अंगठीनं. खीर झाली की बाळापुढं ताट मांडायचं. ताटात पेन, पुस्तक, नाणं, मूठभर माती, एखादं हत्यार. बाळ ज्याच्यावर झडप घालील तो त्याचा पुढचा धंदा. पेन धरलं की कारकून नाहीतर कलेक्टर, नाणं धरलं की सावकार. माती धरली की आईबाप जरा गप्प होतात आणि म्हणतात, पुन्हा ठेवा तिला, नीट बसली नव्हती.

तर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात अण्णासाहेबांनी आपल्या लेकीपुढं असं ताट मांडलं. अण्णासाहेब मूळचे वाईकडचे. दिल्लीला केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. ताटसुद्धा त्यांनी कचेरीच्या शिस्तीत लावलं होतं: पेन सगळ्यांत पुढं, माती सगळ्यांत मागं, अधेमधे बाकीची मंडळी. चेतना सात महिन्यांची. आणि तिनं म्हणे काही उचललंच नाही.

एवढ्याशा गोष्टीचं काय व्हायचं? हसले सगळे आणि जेवायला बसले. पण गोष्ट घरातून गेली नाही. पोर मोठी झाली तशी तीही मोठी झाली. चेतनानं इंजिनिअरिंग केलं, गुरगावच्या कंपनीत लागली, दीड वर्षात सोडलं. अण्णासाहेब म्हणाले, "उष्टावणाला कळलंच होतं." मग राजेंद्रनगरला यूपीएससीचा क्लास. एक प्रिलिम दिली, सोडलं. "उष्टावणाला कळलंच होतं." मग नोएडात कापडाच्या डिझाइनचा कोर्स. हा मात्र तिनं पुरा केला. पण तोवर ते वाक्य अण्णासाहेबांच्या जिभेला इतकं सवयीचं झालं होतं, की कोर्सचं सर्टिफिकेट हातात घेऊनही त्यांनी तेच म्हटलं.

आता ती अठ्ठावीसची. गेले काही महिने पानिपतच्या एका गालिच्यांच्या कारखान्यात होती. आठवडाभर तिकडं भाड्याच्या खोलीत, शनिवारी संध्याकाळी दिल्लीतल्या द्वारकेला, आईबापांच्या घरी. पानिपत म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. अण्णासाहेब म्हणाले, "आपल्या माणसांना ते गाव कधी लाभलंय का?" तिकडं कारखान्याच्या फोरमननं पहिल्या दिवशी तिचं आडनाव ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसला. "लो जी, मराठे फिर आ गए पानिपत!" गालिच्यात लोकर ठोकायचं एक मशीन असतं, पिस्तुलासारखं धरायचं. ते तेव्हा तिच्या हातात होतं. ती म्हणाली, "इस बार मशीन लेके आए हैं." तेव्हापासून फोरमन तिला पेशवा मॅडम म्हणायला लागला.

काम वाईट नव्हतं. मालक मदानजी माणूस चांगला. बोलता बोलता समोरच्याच्या पुढ्यात चहा, मठरी, गजक सरकवत राहायचे. त्यांना नवा विभाग काढायचा होता. ते तिला म्हणाले, "बेटा, नया सेक्शन आप संभालो. सोमवार तक बता देना." म्हणजे पगारवाढ, हाताखाली माणसं, पानिपतला पक्कं बिऱ्हाड. दुसरी कुणी असती तर तिथंच हो म्हणाली असती. चेतना अडली.

कारण तिला हाक हवी होती.

आता ही हाक काय भानगड आहे? हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर कुणीतरी उभं राहून सांगत असतं, की माणूस एका कामासाठी जन्मलेला असतो, आणि ते काम समोर आलं की आतून हाक येते. चेतना कान लावून बसली होती. तिला मशीन आवडायचं, रंग आवडायचे, ओल्या लोकरीचा वाससुद्धा आवडायचा. पण आवडणं म्हणजे हाक का? गुरगावच्या कंपनीतली कॉफीही तिला पहिले तीन महिने आवडली होती. हाक आली नसताना हो म्हणायचं आणि ती मागाहून भलतीकडूनच आली तर? आणि मुळात आपल्या वाट्याला ती आलेलीच नसली तर? ताटातलं काहीच न उचलणारी पोरगी आपण. हे ती हसत हसत मैत्रिणींना सांगायची, आणि मग खोलीत एकटी असली की हसायची नाही.

तर जानेवारीतला शनिवार. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या, संग्रामच्या, मुलीचं उष्टावण होतं. मुलीचं नाव सृष्टी. घरात पहाडगंजहून आणलेल्या पत्रावळ्यांचे गठ्ठे, गॅसवर खिरीसाठी दूध आटत ठेवलेलं, आणि चेतना ओट्यापाशी उभी राहून वेलदोडे सोलता सोलता एकेकाला धरून विचारतेय.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं की तुम्ही सेक्शन ऑफिसर होणार?"

अण्णासाहेबांनी विचार केला. खरोखर केला, चष्मा काढून केला. "नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा."

"तसं नाही हो. आतून."

"आतून? आतून काय कळायचंय? पत्र टपालानं आलं."

मग ती भावाकडं वळली. संग्राम सोफ्यावर पाय पसरून फुगे फुगवत होता. "दादा, तुझं काय? तुला कुणी हाक मारली?"

"मला?" फुगा सोडून तो म्हणाला. "कॉलेजात पहिली कंपनी आली, तिनं मला उचललं. ताटातलं पेन मीच होतो यार."

त्याची बायको संपदा आतून ओरडली, "पेन कसलं, रबर!" आणि सगळं घर हसलं.

चेतना आईकडं वळली. चंद्रप्रभाबाई दूध ढवळत होत्या. "आई, तुला गं? तुला काय व्हायचं होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या आणि आच कमी केली. त्या काही रागानं बोलल्या नव्हत्या. पण चेतनाच्या हातातला वेलदोडा तसाच राहिला आणि तिनं पुढं कुणाला काही विचारलं नाही. रविवारी सकाळी अंथरुणातून उठताना तिचं ठरलं होतं: मदानजींना नाही म्हणायचं. नाही म्हणायचं हे नक्की, फक्त कुठल्या शब्दांत, तेवढं राहिलं होतं. पुढं काय, तेही राहिलं होतं, पण त्याची तिला सवय होती.

रविवारी दहाला धुकं जरा विरळ झालं आणि माणसं यायला लागली. थंडी अशी, की फरशीवर पाय ठेवला तर मोजे असूनही कळायचं. बाळाला बसवायचं कशावर? चेतनानं त्याची सोय केली होती. पानिपतहून येताना ती फोरमनला सांगून एक लहान गालिचा घेऊन आली होती, परदेशी जायच्या मालातला, जोडीचा नव्हता म्हणून उरलेला. सायीच्या रंगाची लोकर, कडेनं निळी वेल. आल्या-गेल्यानं वाकून हात फिरवला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हाय, कितना सॉफ्ट है! तुम बनाती हो?" चेतना म्हणाली, "बनवाती हूँ." आणि तिला उगाच बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

मामानं अंगठीनं खीर चाटवली. सृष्टीनं तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली. मग ताट आलं. आणि त्या ताटाभोवती मोठ्या माणसांनी जे सुरू केलं ते बघण्यासारखं होतं. अण्णासाहेबांनी पेन हळूच दोन बोटं पुढं सरकवलं. संग्रामनं त्याच्यापुढं लॅपटॉपचा माउस ठेवला. संपदाच्या वडिलांनी खिशातून स्टेथोस्कोप काढला. ते डॉक्टर नव्हते हो, मुद्दाम विकत आणला होता! तेवढ्यात पेन पुन्हा पुढं आलं.

"बाबा, चीटिंग!" संपदा ओरडली.

"चीटिंग कसलं? सीनिऑरिटी आहे."

सृष्टी गालिच्यावर पालथी, मान वर करून हा सगळा बाजार बघत होती. तिनं पेनाकडं बघितलं, माउसाकडं बघितलं, आजोबांकडं बघितलं. मग मान खाली घातली, दोन्ही मुठींनी खालच्या गालिच्याची लोकर धरली आणि ओढली.

लोकर आली. मूठभर, सहज. आणि गेली तोंडात.

काय कल्ला झाला! "लोकर उचलली, लोकर!" "आत्याच्या वळणावर गेली!" "बिल्कुल पानिपतवाली!" मोबाइल वर झाले, कुणी टाळ्या वाजवल्या. त्या गलक्यात फक्त चेतना हसत नव्हती. तिनं आधी बाळाच्या तोंडात बोट घालून लोकरीचा ओला गोळा बाहेर काढला. बाळाला संपदाकडं दिलं. मग जिथून लोकर आली होती तिथं चिमटीत आणखी एक झुबका धरून ओढला. तोही आला. पावसानंतर भुसभुशीत मातीतून गवत यावं तसा, मुळापासून.

आता यातलं काय चुकलं ते सांगायला हवं. असा गालिचा करताना ताणलेल्या कापडात मशीननं लोकर ठोकतात. ती नुसती ठोकून राहत नाही. म्हणून पाठीमागून रबराच्या चिकाचा दाट लेप देतात, तो उन्हात खडखडीत वाळवतात आणि त्यावर अस्तराचं कापड चिकटवतात. मग माणसानं ओढली तरी लोकर निघत नाही, सात महिन्यांच्या बाळाची तर गोष्टच सोडा.

चेतनानं गालिचा उलटा केला, अस्तराचा कोपरा नखानं उचकटला आणि नाक लावलं. उग्र वास आला. आतला लेप ओला होता. आठवडाभर पानिपतला ऊन पडलं नव्हतं, तिला आठवलं. वाळवणाच्या अंगणात धुकं भरलेलं, आणि कामगार नग एकावर एक रचत होते. तिनं ते जाता-येता पाहिलं होतं. आणि तपासायची वेळ आली तेव्हा वरून हात फिरवला होता, रंग पाहिला होता, वेल पाहिली होती. उलटून पाहिलं नव्हतं. नग उलटायचे दिवस होते तेव्हा हिचं मन हाकेची वाट बघत बसलेलं.

तिथंच उभी राहून तिनं फोरमनला फोन लावला. "वो नीली बेलवाले नग बँध गए?"

"बँध गए जी. कल सुबह गाड़ी लगेगी."

"खुलवाओ."

"पेशवा मॅडम, इतवार है. कौन खोलेगा?"

"मैं आ रही हूँ. जो मिले उसे बुलाओ. और मदानजी को मैं बताती हूँ."

पंगत मांडली जात होती. मसालेभाताचा वास घरभर, जिलब्यांच्या खोक्यांचे दोरे सुटलेले, आणि ही आतून स्वेटर चढवून, पिशवी खांद्याला लावून, त्या गालिच्याची गुंडाळी काखेत मारून दारात बूट शोधतेय. अण्णासाहेब ताट-वाटी घेऊन तिथंच आडवे आले.

"कुठं निघालीस? पाहुणे बसलेत."

"पानिपतला. माल चुकलाय."

"अगं पण तू तर त्यांना नाही म्हणणार होतीस ना? सकाळी आईला सांगितलंस."

"हो."

"मग सोडायच्या कामासाठी जेवणावरून उठायचं?"

तिनं एक बूट घातला. अण्णासाहेब पाहुण्यांकडं वळून, हसत, नेहमीच्या सुरात म्हणाले, "हे असंच. हिच्या उष्टावणाला कळलंच होतं. हिनं ताटातलं काहीच..."

"पुरे झालं हो!"

चंद्रप्रभाबाई. हातात मठ्ठ्याचं पातेलं, आणि आवाज असा की जिलबी वाढणारा संग्रामसुद्धा थांबला.

"काहीच उचललं नाही, काहीच उचललं नाही. तुम्ही होतात कुठं तेव्हा? अंगणात मांडवाखाली साहेबांना जिलबी वाढत होतात. ताटाशी मी होते. पेन उचललं तिनं. चोखलं, ठेवलं. नाणं उचललं, चावून बघितलं, ठेवलं. हत्यार म्हणून ठेवलेल्या त्या स्क्रूड्रायव्हरशी तर किती वेळ खेळत होती. पुस्तकाचं पान फाडलं. मातीपाशी पोचायचीच होती, तर तुम्ही अंगणातून ओरडलात, साहेब खोळंबलेत, आवरा. उचलली मी तिला. मग तुम्ही आत येऊन विचारलंत, काय उचललं? आता एक काय सांगणार? म्हटलं, काही नाही."

आतून सृष्टीचं गुरगुरणं तेवढं ऐकू येत होतं.

"आई," चेतना म्हणाली, एका पायात बूट, एका पायात नाही. "हे तू आज सांगतेस?"

"कुणी विचारलं होतं?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, आणि स्टीलच्या डब्यात मसालेभात दाबून तिच्या पिशवीत घातला. "जा आता. बस चुकेल."

कुणाला वाटेल, एवढं ऐकल्यावर पोरीच्या मनावरचा भार उतरला असेल. कसला उतरतोय! द्वारकेपासून राजीव चौकापर्यंत ती मेट्रोत खांबाला धरून उभीच होती, बसायला जागा असून. डोक्यात नुसता गलका. सगळं उचललं होतं, तर मग त्यातलं आपलं कोणतं? मातीपाशी जाऊ दिलं असतं तर? स्क्रूड्रायव्हरशी किती वेळ म्हणजे किती? गाडी बदलली, काश्मिरी गेटला उतरली, पानिपतची बस धरली. सोनिपतच्या पुढं धुक्यात ट्रकांची रांग लागली आणि बस उभी राहिली. तिनं काखेतली गुंडाळी मांडीवर घेतली. उद्या सोडायचंच आहे, मग आज धावतेय कशाला? वडिलांचाच प्रश्न, पण आता तो तिच्या स्वतःच्या आवाजात आला. बस हलेपर्यंत ती तो चघळत होती. बस हलली तसं तिनं कंडक्टरला विचारलं, "भैया, पानिपत में सुबह धूप निकली थी क्या?"

कारखान्यात पोचली तेव्हा मदानजी माकडटोपी घालून दारात उभे. मागं गठ्ठे फुटायला लागले होते. तिनं काखेतला गालिचा त्यांच्या हातात दिला, झुबका धरायला सांगितला. त्यांनी ओढला. आला. त्यांचा चेहरा पडला.

"मैंने पलट के नहीं देखा," ती म्हणाली. "ऊपर से पास कर दिया."

मदानजींनी एकदा गालिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "किसने पकड़ा?"

"मेरी भतीजी ने. सात महीने की है."

"उसको रख लें?" मदानजी म्हणाले, आणि फोरमन हसला, आणि मग तिघंही कामाला लागले. मोठ्या दालनात दोऱ्या बांधल्या, हीटर मागवले, पंखे जमिनीला टेकवून लावले. एकेक नग उलगडून पालथा घालायचा, पाठ वर, हाताच्या पंजानं लेप दाबून बघायचा. फोरमननं हाक मारून आणलेले चार-पाच कामगार होते, त्यांतले दोघं जेवणावरून उठून आलेले. तिनं मसालेभाताचा डबा त्यांच्यापुढं उघडला. एक जण म्हणाला, "मॅडम, मराठे खाना भी लाए हैं इस बार." मदानजींनी त्याच्या पुढ्यात सवयीनं गजक सरकवला. तेवढ्यात तिच्याकडं न बघता, नग उलटता उलटता ते म्हणाले, "कल जवाब देना था आपको. ना ही है न?"

ती नगाची कड धरून वाकलेली होती. काय म्हणाली ते पंख्यांच्या आवाजात फोरमनलाही ऐकू गेलं नाही. पण मदानजींनी टोपी कपाळावर मागं सारली.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तिचा फोन वाजला. अण्णासाहेब. द्वारकेच्या घरात पाहुणे पांगले होते, आणि ते बाल्कनीत येऊन बोलत होते, चंद्रप्रभाबाईंना ऐकू जाणार नाही असं.

"पोचलीस ना? जेवलीस का? अच्छा. ऐक, ताट तसंच ठेवलंय. बाळ झोपलंय, उठलं की परत बसवू म्हणतोय, मघाशी काही नीट झालं नाही." मग घसा साफ केला. सेक्शन ऑफिसर माणूस, असला प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. "चेतना, एक सरळ सांग. सापडलं का तुला, तुझं ते? आतलं?"

तिकडून पंख्यांचा घोंघाट आला, कुणीतरी काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती बोलली.

"नाही सापडलं, बाबा. मदानजींना मी हो म्हटलंय, पण पुढच्या थंडीपर्यंत. वाळवणाची खोली नीट करून घेते, मग बघू. आता ठेवते, अर्धे नग अजून पालथे घालायचे राहिलेत. आणि सृष्टीला ताटापाशी बसवलंत ना, तर तिचं तिला आटपू द्या, मध्येच उचलू नका."